चर्चसाठी ऑर्गन आणि गायकवृंदाचे संगीत रचण्याचा व्यवसाय : तयारी, लेखन आणि निर्वाह

ज्यांना चर्चसाठी ऑर्गनच्या आणि गायकवृंदाच्या रचना करण्यात आयुष्य घालवायचे आहे, त्यांनी आरंभीच एक वस्तुस्थिती ध्यानात घ्यावी : केवळ रचना करण्यासाठी चर्च सहसा कोणाला नेमत नाही. नेमणूक होते ती ऑर्गनवादकाची, गायकवृंदाच्या संचालकाची किंवा ही दोन्ही कामे एकत्र सांभाळणाऱ्याची, आणि रचना त्या जबाबदारीच्या ओघात होतात. योहान सेबास्टियन बाख १७२३ पासून १७५० मधील मृत्यूपर्यंत लाइपझिगमध्ये होते, ते शाळेतील मुलांना गाणे शिकवण्यासाठी आणि शहरातील मुख्य चर्चमधील संगीताची व्यवस्था पाहण्यासाठी. त्यांच्या तिथल्या बहुतेक कॅन्टाटा (गायक व वाद्यांसाठीच्या अनेक भागांच्या रचना) उपासनेची गरज म्हणून लिहिल्या गेल्या. पॅरिसच्या सेंट सुल्पिस चर्चमध्ये शार्ल-मारी विदोर यांची १८७० साली तात्पुरती नेमणूक झाली आणि ते १९३३ पर्यंत त्या पदावर राहिले. ऑलिव्हिए मेसियाँ १९३१ पासून १९९२ पर्यंत त्याच शहरातील त्रिनिते चर्चचे ऑर्गनवादक होते. या तिघांच्या शैलींमध्ये काहीही साम्य नाही, परंतु तिघांनीही वर्षानुवर्षे एका ठरावीक इमारतीत, ठरावीक वाद्यावर आणि ठरलेल्या दिवशी संगीत पुरवण्याची जबाबदारी सांभाळली. म्हणून या व्यवसायाची तयारी करताना आधी चर्चला उपयोगी पडणारा संगीतकार व्हावे आणि रचनेला त्या कामातून वाढू द्यावे, असे माझे ठाम मत आहे.

वाद्याशी आणि मंडळीशी ओळख

पाइप ऑर्गन (नळ्यांत हवा जाऊन वाजणारे कळांचे मोठे वाद्य) शिकण्यापूर्वी काही वर्षे पियानो शिकलेला असणे फार हिताचे असते, कारण बोटांची स्वतंत्र हालचाल आणि नोटेशन पाहताक्षणी वाजवण्याची सवय तिथे लवकर लागते. त्यानंतर पायांनी वाजवायचा पेडलबोर्ड अंगवळणी पडायला वेळ द्यावा लागतो. पायांकडे न पाहता नेमका स्वर सापडेपर्यंत संथ गतीने, फक्त पायांचा सराव वेगळा करावा. वाद्य घरी असणे दुर्मीळ, त्यामुळे एखाद्या चर्चच्या ऑर्गनवादकाकडे शिष्य म्हणून जाणे, त्यांची पाने उलटणे, स्टॉप (आवाजाचा प्रकार बदलणाऱ्या खुंट्या) ओढून देणे आणि त्या बदल्यात सरावाची परवानगी मिळवणे, ही या क्षेत्रात शिरण्याची जुनी आणि आजही चालणारी पद्धत आहे.

मंडळीच्या, म्हणजे उपासनेला जमलेल्या लोकांच्या, गाण्याला साथ करणे हे शिकाऊ माणसाला किरकोळ काम वाटते. प्रत्यक्षात रचनाकाराचे खरे शिक्षण तिथेच होते. शेकडो सामान्य माणसे कुठे श्वास घेतात, कडव्याच्या शेवटी किती थांबतात, कोणत्या उंचीवर त्यांचा आवाज बसतो आणि अनोळखी स्वरसंगती ऐकून ती कधी गोंधळतात, हे साथ करताना कानांना कळते. तरुण बाख यांनाही याबद्दल बोलणी खावी लागली होती. १७०५ च्या अखेरीस ते ऑर्गनवादक डिट्रिख बुक्स्टेहुडे यांचे वादन ऐकण्यासाठी ल्युबेकला गेले, रजेपेक्षा बरेच जास्त दिवस तिथे राहिले, आणि १७०६ च्या फेब्रुवारीत, ते जिथे ऑर्गनवादक होते त्या आर्नश्टाटच्या चर्च-अधिकाऱ्यांनी त्यांना जाब विचारला. रजेच्या प्रश्नाबरोबरच, कोरालच्या (मंडळीने गायच्या स्तोत्रगीताच्या) साथीत ते चमत्कारिक फेरफार आणि परके स्वर मिसळतात व त्यामुळे मंडळी गोंधळते, अशीही तक्रार होती. प्रतिभेचे कौतुक करणाऱ्यांनी या तक्रारीची थट्टा करू नये. मंडळीला गाता आले पाहिजे, ही अधिकाऱ्यांची अपेक्षा रास्तच होती.

उत्स्फूर्त वादनाची सवय याच टप्प्यावर लावून घ्यावी. धर्मगुरूंना वेदीपर्यंत पोहोचायला अर्धा मिनिट जास्त लागला, तर संगीत तेवढे लांबवावे लागते आणि ते मध्येच तुटल्यासारखे न वाटता योग्य स्वरावर संपावे लागते. सेझार फ्रांक १८७२ पासून पॅरिसच्या कॉन्झर्व्हेटॉयर या संगीतविद्यालयात ऑर्गन शिकवत असत, तेव्हा त्या वर्गात उत्स्फूर्त वादनाला फार मोठे स्थान होते. दिलेल्या चार-सहा मात्रांच्या विषयातून पाच मिनिटांची सुसंगत बांधणी जागच्या जागी करता येऊ लागली, की कोऱ्या कागदाची भीती उरत नाही.

याच्या जोडीला हार्मनी (एकाच वेळी वाजणाऱ्या स्वरांची जुळणी) आणि काउंटरपॉइंट (एकाच वेळी चालणाऱ्या स्वतंत्र सुरावटींची गुंफण) यांचा रीतसर अभ्यास लागतो. बाख यांचे चार आवाजांतील कोराल आणि सोळाव्या शतकातील संगीतकार पालेस्ट्रिना यांच्या काळातील मोटेट (अनेक आवाजांतील धार्मिक गायनरचना) स्वतःच्या हाताने उतरवून काढणे, एक आवाज झाकून तो पुन्हा स्वतः लिहून पाहणे आणि मग मूळ रचनेशी ताडून पाहणे, हा मला माहीत असलेला सर्वांत फलदायी स्वाध्याय आहे. ग्रेगोरियन पठणाची (कॅथलिक चर्चच्या प्राचीन एकसुरी गायनाची) लय आणि लेखनपद्धतीही शिकून घ्यावी. औपचारिक पात्रता हवी असल्यास १८६४ मध्ये स्थापन झालेले लंडनचे रॉयल कॉलेज ऑफ ऑर्गनिस्ट्स आणि १८९६ मध्ये स्थापन झालेले अमेरिकन गिल्ड ऑफ ऑर्गनिस्ट्स यांच्या परीक्षा आहेत. त्यांत वादनाबरोबरच स्वरपट्टी बदलून वाजवणे, अनेक ओळींचे गायन-नोटेशन एकाच वेळी वाचणे, उत्स्फूर्त वादन आणि लेखी काम यांची कसोटी लागते, त्यामुळे नेमणुकीच्या वेळी या परीक्षांना वजन असते.

आणि गायकवृंदात गायलेच पाहिजे. स्वतःचा आवाज बेताचा असला तरी चालेल, पण बास (पुरुषांचा खालचा आवाज) किंवा आल्टोच्या (स्त्रियांचा खालचा आवाज) रांगेत काही वर्षे उभे राहिल्याशिवाय कोणते स्वरांतर सहज सापडते आणि कोणते दर वेळी निसटते, हे कळत नाही.

गायकवृंदासाठी लिहिताना

रचनेला हात घालण्यापूर्वी शब्द घ्यावेत, ते मोठ्याने अनेकदा वाचावेत आणि कोणत्या अक्षरावर जोर येतो, कुठे अर्थ पूर्ण होतो, कुठे श्वास घेतला तरी वाक्य तुटत नाही, याच्या खुणा कागदावर कराव्यात. चर्च-संगीतात शब्द ऐकू येणे हा उपासनेचा भाग असतो, त्यामुळे सुरावट कितीही सुंदर असली तरी ती चुकीच्या अक्षरावर जोर देत असेल तर बदलावी. उंच स्वरांवर मोकळे स्वरवर्ण यावेत. सोप्रानोला (सर्वांत उंच आवाजाला) वरच्या टोकाला ‘ई’ किंवा ‘ऊ’ वर दीर्घकाळ उभे केले, की आवाज आवळतो आणि शब्दही कळत नाही.

आवाजांच्या मर्यादा पाठ असाव्यात. हौशी गायकवृंदात सोप्रानो पियानोवरच्या मधल्या सी या स्वरापासून दीड सप्तक वरच्या जीपर्यंत, आल्टो मधल्या सीखालच्या जीपासून साधारण दीड सप्तक, टेनर (पुरुषांचा उंच आवाज) मधल्या सीच्या एक सप्तक खालून मधल्या सीवरच्या जीपर्यंत, आणि बास आणखी खालच्या जीपासून मधल्या सीपर्यंत निर्धास्त गातात. मात्र या टोकांपेक्षा जास्त महत्त्वाचे आहे ते आवाज बराच वेळ कुठे वावरतो हे. टेनरला वरच्या एफवर एकदा नेणे सोपे असते. त्याच्या आसपास चार ओळी घुटमळत ठेवले, तर तिसऱ्या ओळीपर्यंत संपूर्ण गायकवृंदाची पट्टी उतरू लागते.

रचना ज्यांच्यासाठी आहे ते गायक किती, कोण आणि आठवड्यातून किती वेळ भेटतात, हे आधी विचारून घ्यावे. सॅम्युएल सेबास्टियन वेस्ली यांनी १८३० च्या दशकात हेरफर्ड कॅथीड्रलमध्ये ईस्टरसाठी एक अँथम (गायकवृंदाचे धर्मगीत) लिहिले, तेव्हा त्यांच्याकडे मुलांचे उंच आवाज आणि केवळ एक बास गायक एवढेच बळ होते. त्यांनी त्या उणिवेभोवतीच रचना बांधली आणि ती आजही इंग्लंडच्या कॅथीड्रलमध्ये गायली जाते. याउलट बाख यांनी १७३० च्या ऑगस्टमध्ये लाइपझिगच्या नगरसभेला सविस्तर निवेदन दिले आणि प्रत्येक गायकवृंदात किमान १२, शक्य तर १६ गायक असावेत असे मांडले. मागणी जरूर करावी; पण पुढच्या रविवारची रचना आज हजर असलेल्या गायकांसाठीच लिहावी. टेनर दोनच असतील तर पुरुषांचा एकच आवाज ठेवून तीन आवाजांत लिहावे. एका आवाजाचे दोन भाग करण्याचा मोह टाळावा, कारण आजारपणामुळे एक गायिका आली नाही तरी तो स्वर नाहीसा होतो.

प्रत्येक प्रवेशाचा पहिला स्वर गायकाला कुठून मिळणार, हे रचनाकाराने पाहायचे असते. तो ऑर्गनमध्ये किंवा दुसऱ्या आवाजात लगतच ऐकू आलेला असला पाहिजे. रचना पूर्ण झाल्यावर चारही आवाज एकामागून एक स्वतः उभे राहून, श्वासांसहित, पूर्ण गावेत. ज्या ठिकाणी आपण अडखळतो तिथे गायकवृंदही अडखळेल, आणि तो भाग सरावाने सुटेल असे समजून सोडून देण्यापेक्षा पुन्हा लिहिणे केव्हाही बरे. सरावाच्या एका बैठकीत त्या रविवारची इतर गाणी आणि स्तोत्रेही बसवायची असतात, त्यामुळे नव्या रचनेला मिळणारा वेळ थोडा असतो.

ऑर्गनसाठी लिहिताना

पियानोवर विचार करण्याची सवय असलेल्यांच्या हातून ऑर्गनचे लेखन बहुधा एका ठरावीक प्रकारे बिघडते. पियानोचा स्वर वाजताक्षणी विरू लागतो. ऑर्गनचा स्वर कळ दाबलेली असेपर्यंत त्याच जोराने राहतो आणि बोट उचलताच थांबतो. पियानोसारखे स्वर धरून ठेवणारे पेडल इथे नसते, आणि जोराने कळ दाबली म्हणून आवाज मोठा होत नाही. त्यामुळे आघात दाखवायचा तो स्वराआधी ठेवलेल्या किंचित शांततेने आणि स्वराच्या लांबीने. स्वरांमधील विरामांचे मोल या वाद्यावर फार मोठे आहे.

स्टॉपवर लिहिलेले आकडे फुटांतील असतात. आठ फुटी स्टॉप लिहिलेल्या उंचीवरच वाजतो, सोळा फुटी एक सप्तक खाली आणि चार फुटी एक सप्तक वर. गायकवृंदाच्या साथीत पायांकडचा सोळा फुटी आवाज काही काळ काढून घेतला की संपूर्ण पोत हलका होतो आणि तो परत आला की वाक्याला वजन येते. हे साधे साधन नवे रचनाकार फारच कमी वापरतात. रीड जातीचे (पत्तीच्या कंपनाने वाजणारे) स्टॉप मात्र हौशी आवाजांना सहज झाकून टाकतात, म्हणून ते गायन थांबलेल्या जागांसाठी राखावेत.

दोन ऑर्गन कधीच एकसारखे नसतात. कुठे एकच मॅन्युअल (हातांनी वाजवायची कळांची पट्टी) असतो, कुठे चार. आधुनिक वाद्यांत पायांकडे बहुधा ३० किंवा ३२ कळा असतात. रचना अनेक ठिकाणी वाजावी असे वाटत असेल, तर स्टॉपची नेमकी नावे लिहीत बसण्यापेक्षा आवाजाची जात, फुटांचा आकडा आणि तीव्रता एवढेच सांगावे आणि उरलेले वादकावर सोपवावे. स्टॉप बदलायला एक हात मोकळा किंवा एक विराम मिळतो का, हे पाहावे. स्वेल बॉक्सची, म्हणजे आवाज कमी-जास्त करणाऱ्या नळ्यांभोवतीच्या पेटीची, झडप पायाने उघडावी लागते. आवाज हळूहळू वाढवण्याची सूचना लिहिली असेल त्या वेळी उरलेल्या एका पायाला झेपेल इतकीच पेडलची ओळ असली पाहिजे. कागदावर ही चूक दिसत नाही, वादकाला मात्र पहिल्याच वाचनात दिसते.

इमारतीचा प्रतिध्वनी हाही वाद्याचाच भाग आहे. हर्बर्ट हॉवेल्स यांनी १९४५ मध्ये केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजसाठी, १९४६ मध्ये ग्लॉस्टर कॅथीड्रलसाठी आणि १९५१ मध्ये लंडनच्या सेंट पॉल्स कॅथीड्रलसाठी सायंप्रार्थनेतील मरीयेच्या व शिमोनाच्या स्तोत्रांच्या रचना केल्या. शब्द प्रत्येक वेळी तेच होते, पण प्रत्येक रचना त्या त्या वास्तूच्या ध्वनिगुणांचा विचार करून लिहिलेली आहे; सेंट पॉल्सच्या प्रदीर्घ प्रतिध्वनीसाठी स्वरसंगती संथपणे बदलते. या तीन रचना शेजारी ठेवून अभ्यासल्या, तर इतर कशानेही मिळणार नाही असे शिक्षण मिळते. आपण लिहिणार आहोत त्या चर्चमध्ये जावे, रिकाम्या इमारतीत एक जोरदार स्वरसंगती वाजवून हात उचलावेत आणि आवाज विरायला किती वेळ लागतो ते ऐकावे. माणसांनी भरल्यावर तो वेळ कमी होतो, हेही हिशेबात घ्यावे. ऑर्गन आणि गायक एकमेकांपासून दूर असतील, तर दोघांमध्ये झटपट देवाणघेवाण लिहू नये, कारण आवाज पोहोचायला लागणाऱ्या वेळामुळे ती मंडळीच्या कानांवर विस्कळीत पडते.

उपासनेची चौकट

कॅथलिक मिस्सा (प्रभुभोजनाची मुख्य उपासना), अँग्लिकन सायंप्रार्थना आणि लुथरन उपासना यांत संगीताच्या जागा वेगवेगळ्या असतात, आणि ज्या परंपरेसाठी लिहायचे तिच्या उपासनेला अनेक आठवडे हजर राहिल्याशिवाय लिहू नये. प्रभुभोजनाच्या वेळी वाजणारे संगीत कोणत्याही क्षणी आटोपते घ्यावे लागते. नाताळपूर्वीच्या आगमनकाळात आणि ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळात अनेक ठिकाणी संगीताची भरजरी बाजू आवरती ठेवतात. ईस्टरला गायकवृंद आधीच्या आठवड्यातील उपासनांनी थकलेला असतो, म्हणून त्या दिवशीची रचना तेजस्वी पण सोपी असावी. मिस्सेतील ठरलेले शब्द आपल्या सोयीने गाळता किंवा बदलता येत नाहीत. कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी संमत केलेल्या उपासनाविषयक दस्तऐवजात पाइप ऑर्गनला मोठा मान दिला, त्याच वेळी लोकभाषांना दार उघडले आणि मंडळीच्या सक्रिय सहभागावर भर दिला. तेव्हापासून कॅथलिक चर्चसाठी लिहिणाऱ्याला गायकवृंदाबरोबर मंडळीसाठीही एखादी सहज उचलता येणारी ओळ द्यावी लागते. मला ही अट जाचक वाटत नाही. चांगली गाता येण्याजोगी आठ मात्रांची ओळ लिहिणे ही मोठी कला आहे.

शब्दांचे हक्क रचना सुरू करण्यापूर्वी तपासावेत. लेखनहक्कांविषयीच्या आंतरराष्ट्रीय बर्न करारानुसार लेखकाच्या मृत्यूनंतर किमान ५० वर्षे हक्क राहतात आणि अनेक देशांत ही मुदत ७० वर्षे आहे. पवित्र शास्त्राची आधुनिक भाषांतरेही बहुधा हक्कांनी संरक्षित असतात, आणि भाषांतरकाराचा किंवा प्रकाशकाचा लेखी होकार हाती नसेल तर पूर्ण झालेली रचना कपाटातच पडून राहते.

मागणी, करार आणि उत्पन्न

पहिली मागणी बहुतेक वेळा ओळखीतून येते. चर्चच्या स्थापनेचा वर्धापनदिन, ऑर्गनची दुरुस्ती पूर्ण होणे, जुन्या संचालकांची निवृत्ती अशा प्रसंगी चर्चला नवी रचना हवी असते, आणि तिथल्या धर्मगुरूंशी व संचालकांशी आपला आधीच परिचय असेल तर आपले नाव पुढे येते. नॉर्दम्प्टनच्या सेंट मॅथ्यूज चर्चच्या पन्नासाव्या वर्षानिमित्त १९४३ मध्ये तिथले धर्मगुरू वॉल्टर हसी यांनी संगीतकार बेंजामिन ब्रिटन यांच्याकडून एक कॅन्टाटा लिहून घेतला; पुढे चिचेस्टर कॅथीड्रलचे डीन (प्रमुख धर्मगुरू) झाल्यावर हसी यांनीच संगीतकार लेनर्ड बर्नस्टाइन यांना स्तोत्रांवर रचना मागितली, जी १९६५ मध्ये सादर झाली. एक जाणता धर्मगुरू या कलेसाठी किती करू शकतो, याचे हे उदाहरण आहे. केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजनेही १९८० च्या दशकापासून नाताळच्या उपासनेसाठी दरवर्षी नवे कॅरोल (नाताळगीत) लिहून घेण्याची प्रथा पाडली, आणि ज्युडिथ वीअर यांचे १९८५ चे कॅरोल त्यातूनच जन्मले.

मागणी स्वीकारताना लेखी करार करावा, अगदी स्नेह्यांशीही. रचनेची लांबी, आवाज व वाद्ये, शब्द, सुपूर्द करण्याची तारीख, मानधन आणि ते देण्याचे टप्पे, पहिल्या सादरीकरणाचा हक्क किती काळ राखीव राहील, प्रती कोण छापेल, आणि रचनेचे हक्क रचनाकाराकडेच राहतील, हे सगळे त्यात स्पष्ट असावे. मानधनाचा काही भाग करार होतानाच मिळावा. तारीख अशी धरावी की गायकांच्या हाती प्रती निदान दोन महिने आधी पडतील.

प्रकाशकाकडे जाताना आधी त्यांची सूची बारकाईने पाहावी. प्रत्येक प्रकाशकाचा आवडता अवघडपणा आणि लांबी ठरलेली असते. त्यात बसणाऱ्या एक-दोन रचना, स्वच्छ नोटेशन आणि प्रत्यक्ष गायकवृंदाचे ध्वनिमुद्रण पाठवावे. छापील प्रतींवर रचनाकाराला मिळणारा वाटा विक्रीच्या किमतीच्या दहा टक्क्यांच्या आसपास असतो आणि त्या बदल्यात हक्क बरेचदा प्रकाशकाकडे जातात. स्वतः प्रकाशन केले तर वाटा मोठा राहतो, पण जाहिरात, हिशेब आणि प्रतींचा परवाना हे सर्व स्वतः पाहावे लागते. सादरीकरणाचे मानधन गोळा करणाऱ्या संस्थांकडे, म्हणजे ब्रिटनमधील पीआरएस किंवा अमेरिकेतील एस्कॅप यांसारख्या १९१४ मध्ये स्थापन झालेल्या संघटनांकडे किंवा आपल्या देशातील तशाच संस्थेकडे, प्रत्येक रचना नोंदवावी. मात्र अमेरिकेच्या कायद्यात प्रार्थनास्थळातील उपासनेच्या ओघात होणाऱ्या सादरीकरणाला या मानधनातून सूट आहे, त्यामुळे शंभर चर्चमध्ये गायली गेलेली रचनाही तिथे फक्त विकल्या गेलेल्या प्रतींवरच पैसे देते. मैफली आणि प्रसारण यांचे उत्पन्न वेगळे येते.

एवढ्यावर घर चालणे कठीण असते. चर्चमधील पगार, शिकवणी, विवाह आणि अंत्यविधीच्या प्रसंगी केलेले वादन, इतर गायकवृंदांचे मार्गदर्शन यांची जोड बहुतेकांना आयुष्यभर लागते. लेखनासाठी आठवड्यातील ठरावीक सकाळी राखून ठेवाव्यात, आणि मोठ्या सणांनंतरचे शांत आठवडे मोठ्या रचनांना द्यावेत. फार लिहिलेच पाहिजे असेही नाही. मॉरिस द्युरुफ्ले यांच्या प्रकाशित रचना अगदी मोजक्या आहेत, परंतु १९४७ मध्ये पूर्ण झालेला त्यांचा रेक्विएम (मृतांसाठीच्या मिस्सेचे संगीत) त्यांनी पूर्ण वाद्यवृंद, लहान वाद्यवृंद आणि केवळ ऑर्गन अशा तीन स्वरूपांत तयार केल्यामुळे तो लहान चर्चपर्यंतही पोहोचला.

पहिल्या सादरीकरणापूर्वीच्या सरावांना शक्य तितके हजर राहावे, संचालकांना मध्येच न थांबवता हातातील प्रतीवर खुणा कराव्यात आणि सराव संपल्यावर त्यांच्याशी बोलावे. एकाच जागी दोन-तीन वेळा गायक अडले, तर दोष लेखनाचा समजून ती जागा बदलावी आणि दुरुस्त प्रत तारखेसह सर्वांना द्यावी. दुसरे सादरीकरण मिळवणे पहिल्यापेक्षा अवघड असते, कारण आता प्रसंग नसतो. त्यासाठी साधारण तेवढ्याच ताकदीच्या गायकवृंदांची यादी करावी, उपासनेच्या वर्षातील कोणत्या दिवशी रचना बसते ते एका ओळीत सांगावे, आणि संचालक पुढच्या हंगामाची निवड करू लागण्यापूर्वी दुरुस्त प्रत व ध्वनिमुद्रण त्यांच्याकडे पोहोचवावे. नाताळच्या रचनेसाठी ही वेळ उन्हाळ्यातच येते.